दोनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, पन्नास मिनिटं

माझ्या मेहुण्याच्या गावचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथल्या विमानतळाला उगाच बोल लागायला नको. मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव आहे, गावाबाहेर तलाव आहे, तलावाच्या कडेला धावपट्टी आहे आणि तिथून आठवड्यातून तीन दिवस बहात्तर आसनांचं पंख्याचं विमान उडतं. एवढं पुरे. जे झालं ते माझ्यामुळे झालं आणि ते मी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही.

मी उमाकांत. बंगळुरात विमानांच्या एका सरकारी संशोधन संस्थेत चौतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. विमानाची लहान प्रतिकृती बोगद्यात ठेवायची, तिच्यावर जोराचा वारा सोडायचा आणि आकडे टिपायचे, हे माझं काम. या चौतीस वर्षांत मला एक खोड लागली. कुठल्याही दोन विमानतळांची नावं घ्या, मी त्यांच्यामधलं सरळ रेषेतलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ तोंडावर सांगतो. छोट्या गावांच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांशसुद्धा मला पाठ आहेत. बनशंकरीत आमच्या कॉलनीतल्या बायका माहेरी निघाल्या की मला विचारायच्या, काका, किती वेळ लागेल? मी कधी अडलो नाही. अलका, माझी बायको, म्हणायची की यांना कोथिंबीर आणायला पाठवलं तरी आधी मंडईचं हवाई अंतर सांगतात. मी हसायचो, पण मनातून मला ते बरं वाटायचं.

आमच्या गौरीचं लग्न ठरलं ते चामराजपेटेतल्या एका मराठी घराण्यात. ही मंडळी तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. जावई रणवीर, आणि त्याचे वडील रघुजी. त्यांचा छापखाना आहे. रघुजींना सगळे अण्णा म्हणतात, आणि ते मला बीगरे म्हणतात, म्हणजे कानडीत व्याही. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असतं आणि त्याची त्यांना लाज वाटत नाही.

साखरपुड्याचं जेवण त्यांच्या घरी होतं. पन्नासेक माणसं होती. पंगतीत रघुजींनी विचारलं की मुलीचे मामा कधी येणार. त्यांच्याकडे काय किंवा आमच्याकडे काय, मुलीला गौरीहराजवळून उठवून बोहल्यावर आणायचं ते मामाने. शिवाय गौरीहर पुजताना मुलीच्या अंगावर मामाने आणलेली पिवळी साडी लागते. अलकाला एकच भाऊ, मल्हारराव, प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. अलका म्हणाली की दादाने रेल्वेचं तिकीट काढूनसुद्धा ठेवलंय, तीन दिवस आधी येतोय.

इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, हल्ली रेल्वेने कोण येतं? त्यांच्या गावाहून विमान आहे. मधे आणखी एका छोट्या गावी टेकतं आणि तसंच पुढे बंगळूरला येतं, जागासुद्धा बदलावी लागत नाही. त्या दोन गावांमध्ये सडकेने सात तास लागतात. सरळ रेषेत अंतर दोनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, पन्नास मिनिटं. तिथून बंगळूर सव्वा तास. सहा पन्नासला निघाले की नऊ वीसला देवनहळ्ळीच्या विमानतळावर उतरतील. अकरा सत्तेचाळीसचा मुहूर्त ना? मामा सकाळचा चहा आपल्या घरी पितील आणि अकराला जयनगरच्या मांडवात असतील.

पंगत बघतच राहिली. रघुजींनी ते दोनशे अठ्ठेचाळीस दोनदा घोकलं आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं की आमचे बीगरे सायंटिस्ट आहेत. मी तोऱ्यात श्रीखंड मागून घेतलं.

आता खरं सांगायचं तर यात नुसती शेखी नव्हती. मल्हारराव तीन दिवस आधी आले की घर त्यांचं होतं. ते सकाळी चारला उठतात, सगळ्यांना उठवतात, मोठमोठ्याने बोलतात, आल्यागेल्याला पाढे विचारतात. आणि गौरी त्यांच्यामागे मांजरीसारखी फिरते. तिच्या उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडे गेल्या. सायकल त्यांनी शिकवली, पोहायला त्यांनी शिकवलं. मी तेव्हा बोगद्यात वारा सोडत होतो. लग्नाआधीचे तीन दिवस तरी लेक माझ्या वाट्याला यावी असं मला वाटत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही आणि वेळापत्रकाच्या नावाखाली दडपून नेलं.

फोनवर मल्हारराव कां-कूं करत होते. म्हणाले, "उमाकांतराव, विमानाला माझी ना नाही. पण मार्गशीर्षात इथे सकाळी तलावावरून धुकं येतं. दहा पावलांवरची म्हैस दिसत नाही. निदान गुरुवारच्या विमानाने येतो." मी त्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, तुम्ही कोणत्या काळात वावरताय? विमानाच्या गप्पा तुम्ही मला सांगणार? गुरुवारी येऊन रविवारपर्यंत काय करणार? तिकीट मी काढून पाठवतोय, रेल्वेचं रद्द करा. मल्हाररावांना मोठी बहीण असती तर ती माझ्याशी भांडली असती. अलका धाकटी, आणि तिला वाटलं हे म्हणतात तर बरोबरच असेल. मल्हाररावांनी रेल्वेचं तिकीट रद्द केलं.

लहान विमानतळांवर धुक्यात उतरवून घेणारी यंत्रणा बहुधा नसते. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी हिशोब केला तो उडण्याचा. विमानाला आधी तिथे उतरावं लागतं, हे माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी साडेआठ वाजता मी जयनगरच्या कार्यालयात फुलवाल्याशी हुज्जत घालत होतो. मल्हाररावांचा फोन आला. विमान आलं होतं, वर घिरट्या घालून दुसरीकडे निघून गेलं. धुकं विरल्यावर परत येईल, साडेदहा तरी होतील असं म्हणतात. "मी पाच वाजल्यापासून इथेच बसलोय," ते म्हणाले. "आता काय करू ते सांगा." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तुम्हाला सांगितलं होतं, असंही ते म्हणाले नाहीत. मी म्हटलं, थांबा, येईल.

फोन ठेवून मी उभ्या उभ्या हिशोब केला. पावणेअकराला सुटलं तर दुपारी सव्वाच्या सुमाराला बंगळूर, तीनच्या आत कार्यालयात. हा हिशोब मात्र पुढे अगदी बरोबर आला.

तेव्हाच अलकाला सांगायला हवं होतं. ती पुढ्यात होती, हळदीकुंकवाची ताटं लावत होती. सांगायचं काय होतं? धुकं पडलंय, माझी चूक झाली. चार-पाच शब्द. ते मला जमले नाहीत. मी म्हटलं की निघालेत. मग दर अर्ध्या तासाने ती विचारत राहिली आणि मी घड्याळात बघून उत्तर देत राहिलो. उतरले असतील. बॅग घेत असतील. हेब्बाळच्या पुलावर गर्दी असते रविवारीसुद्धा. गौरीला गौरीहरापाशी बसवायची वेळ झाली तेव्हा पिवळी साडी आलेली नव्हती. अलकाने स्वतःच्या अंगावरची पिवळी उतरवून लेकीला नेसवली आणि आपण दुसरी नेसली.

पावणेअकराला रघुजी आले. मागे त्यांचे भाऊबंद होते, साखरपुड्याच्या पंगतीतलेच सगळे. त्यातला एकजण म्हणाला, काय सर, दोनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर अजून संपले नाहीत काय? तो थट्टेने म्हणाला, वाईट हेतू नव्हता. सगळे हसले. माझ्या कानशिलांना चटका बसला आणि मी म्हणालो, "त्यांचं विमान चुकलं, मला आत्ता कळलं. वेळेवर पोचले नाहीत. झोपले असतील."

इतकं सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

अलका मागेच उभी होती. तिने एवढंच विचारलं, दादा झोपला? जन्मभर चारला उठणारा माणूस भाचीच्या लग्नाला झोपून राहील हे तिला पटेना. पण नवरा भर मांडवात खोटं बोलेल हेही तिला पटण्यासारखं नव्हतं. तिने भावाला फोन लावला. तो बंद होता, कारण त्याच वेळी ते एकदाचे विमानात जाऊन बसले होते. तिने फोन कमरेला खोचला. तिचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडे मान वळवली.

रघुजी मात्र हलेनात. त्यांनी गुरुजींना बाजूला घेतलं, पंचांग उघडायला लावलं. आज आणखी एक मुहूर्त होता, चार वाजून सहा मिनिटांचा. कार्यालय रात्रीपर्यंत आपलंच होतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बीगरे, स्वल्प थांबू की. पाहुण्यांना आधी जेवू घालू. एकच मामा आहे पोरीला, मागनं येणाऱ्या विमानाने येऊ दे त्याला. चुकतंय माणसाचं. सरी? ठीक?"

मुलाचा बाप स्वतःहून थांबायला तयार होता. असं कुठे होतं? मी हो म्हणालो असतो तर सगळं जुळून आलं असतं. मल्हारराव तीनला येणार हे त्या मांडवात फक्त मला ठाऊक होतं. पण मी पुढचं बघितलं. ते येणार, सगळे त्यांच्याभोवती गोळा होणार, विमान कसं काय चुकलं म्हणून विचारणार आणि ते बापडे खरं सांगणार. धुकं होतं, पाचपासून बसलो होतो, यांना फोन केला होता. त्या भाऊबंदांसमोर मी तोंडघशी पडणार.

मी म्हणालो, "नको अण्णा. ज्याला वेळेची किंमत नाही त्याच्यासाठी तीनशे माणसं का ताटकळत ठेवायची? मुहूर्त साधू या."

रघुजी अलकाकडे बघत होते. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मग ते म्हणाले की तुमची मर्जी.

माझ्या ऑफिसातल्या श्रीहर्षला मामा केलं. चांगला मुलगा आहे, बिचारा धोतर सावरत आला. मी गौरीला सांगायला गेलो. ती गौरीहरासमोर बसून चिमूट चिमूट अक्षता वाहत होती. मी सांगितलं की मामाचं विमान चुकलं, श्रीहर्षकाका येतील न्यायला. तिने हात थांबवला. "मामाने चुकवलं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग "बरं" म्हणाली आणि पुन्हा अक्षता वाहू लागली. आंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली. अकरा सत्तेचाळीसला बरोब्बर माळा पडल्या. मुहूर्त साधला म्हणून लोक माझं कौतुक करत होते.

तीनला पाच कमी असताना मल्हारराव कार्यालयाच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. शेवटची पंगत उठली होती. त्यांनी मांडवाकडे बघितलं, बोहल्यावर कोणी नव्हतं. हारांच्या पाकळ्या पायदळी पडल्या होत्या. त्यांना काय ते कळलं. पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

अलकाने त्यांना तांब्याभर पाणी नेऊन दिलं आणि एक शब्द न बोलता मागे फिरली. आजवर भाऊ दारात आला की ती आधी वाकून नमस्कार करायची. ते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

तेवढ्यात रघुजी आले. त्यांनी मल्हाररावांचे दोन्ही हात हातात घेतले आणि हसत म्हणाले की काय मामासाहेब, झोप लागली म्हणे, विमान चुकवलंत! मी चार हातांवर उभा होतो. मल्हाररावांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. ते रघुजींना म्हणाले, "हो अण्णा. चुकलं खरं. वय झालं."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

भोजनगृहात ते एकटेच केळीच्या पानावर बसले. मी समोरच्या बाकावर जाऊन बसलो. आचाऱ्याने थंडगार भात वाढला. ते सकाळपासून उपाशी होते. पिवळी साडी पिशवीतून थोडी बाहेर आली होती. मी म्हटलं, मल्हारराव, मी आत्ता जातो आणि अण्णांना खरं सांगतो.

"राहू द्या," ते म्हणाले. "गौरीला त्या घरात नांदायचंय. मामा वेंधळा निघाला तर दोन दिवस हसतील. बाप खोटारडा निघाला तर पोरीला जन्मभर खाली बघावं लागेल."

मी म्हटलं, गौरीला तरी सांगतो.

"तिला माहीत आहे. तुमच्याआधी मी तिलाच फोन केला होता, साडेसातला. म्हटलं, धुकं आहे, नवरीने वाट बघू नये. ती म्हणाली, बाबांना तूच सांग, ते काहीतरी करतील."

तिने मला 'मामाने चुकवलं?' असं का विचारलं होतं ते आता कळलं. ती मला एक संधी देत होती. लग्न लागायच्या आधी, बापाकडून शेवटचं म्हणून तिने तेवढंच मागितलं होतं.

मल्हाररावांनी पान दुमडलं. हात धुऊन आले आणि उभ्यानेच म्हणाले, "अलकाला मात्र सांगा. माझ्यासाठी एवढं करा. ती माझ्याशी बोलत नाहीये."

अलका मागच्या खोलीत आहेराच्या साड्या मोजून बांधत होती. मी दार लोटलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, धुक्यापासून गुरुवारच्या विमानापर्यंत, काही राखलं नाही. ती गाठ मारता मारता थांबली होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला किती वाजता कळलं?"

"साडेआठला."

"आणि तो किती वाजता येणार हेही तेव्हाच काढलं असेल तुम्ही."

"तीनला."

तिने अर्धवट राहिलेली गाठ पुरी मारली. मला वाटलं रडेल, ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "जा. अण्णांना सांगा. दादा काहीही म्हणू दे, तुम्ही सांगा." आणि माझ्या बाजूने बाहेर पडली. मी दारातून बघितलं, तिने भावाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं आणि ते तिला दंडाला धरून उठवत होते.

पाचला पाठवणी होती. गाडी कार्यालयाच्या फाटकाशी लागली, फुलांनी मढवलेली. गौरीने मामाला वाकून नमस्कार केला, त्यांनी ती पिवळी साडी तिच्या हातावर ठेवली. मग तिने आईला मिठी मारली. मग माझ्या पाया पडली, रीत होती तशी, आणि उभी राहिली. अलका माझ्या शेजारी होती. तिने माझ्या कोपराला हात लावला. रघुजी समोरच होते, दोन पावलांवर, मागे त्यांचे भाऊबंद. आता बोलायचं होतं. अण्णा, मामांचं विमान चुकलं नव्हतं. एवढंच एक वाक्य. ते माझ्या ओठांवर तयार होतं.

रघुजींनी मल्हाररावांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, बारशाला मात्र आदल्या दिवशी या! नाहीतर आमच्या बीगऱ्यांचा हिशोब परत तुमच्यामुळे चुकेल."

फाटकाशी हशा पिकला. मल्हाररावसुद्धा हसले, टोपी सारखी करत. अलका हसली नाही. गौरी गाडीचं दार धरून माझ्याकडे बघत होती.

मल्हाररावांनी राहू द्या म्हटलं होतं, असं मी अजूनही स्वतःला सांगतो. पण त्या वेळी माझ्या मनात मल्हारराव नव्हते. माझ्या मनात ते भाऊबंद होते.

सगळे हसत होते. मीही हसलो.